गिटारची केबल काढूनही पेडलमधला नऊ व्होल्टचा सेल उतरतो : कारण कसे शोधावे?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. मी परळला राहतो आणि मराठी गाण्यांच्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. आमचे कार्यक्रम बहुधा शनिवारी रात्री नाट्यगृहांत असतात आणि तालीम मंगळवारी संध्याकाळी होते. माझ्या बोर्डवर गिटारकडून अँप्लिफायरकडे जाताना क्रमाने ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि डिजिटल डिले अशी तीन पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजात बदल करणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या छोट्या पेट्या आहेत. रंगमंचावर विजेचा पॉइंट आपल्या पायाशी मिळेलच असे नसते आणि मिळाला तरी प्रकाशयोजनेच्या डिमरची घरघर साध्या अडॅप्टरमधून थेट आवाजात उतरते, म्हणून तिन्ही पेडल मी सेलवर चालवतो.

शनिवारी कार्यक्रमाआधी घातलेला झिंक-कार्बनचा सेल मंगळवारच्या तालमीला ओव्हरड्राइव्हमध्ये पूर्ण उतरलेला असतो. महाग अल्कलाइन सेल घालून पाहिला, तर तो तालीम कशीबशी पार पाडतो आणि बुधवारी सकाळी संपलेला असतो. कोरसची गतही जवळपास हीच आहे आणि डिलेचा सेल तर रविवारीच जातो. कार्यक्रम संपताच मी गिटारची केबल काढतो, पायाने तिन्ही पेडल बंद करतो, त्यांचे दिवे विझलेले असतात आणि बोर्ड तसाच बॅगेत जातो. एका परिचितांच्या मते हा पावसाळी हवेचा दोष आहे. नवी पेडल घेण्याआधी खरे कारण समजून घ्यावे असे वाटते.

राळ_आणि_कथील

तिसरी_घंटा, तुम्ही पेडलांचा क्रम दिलात हे फार बरे झाले, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या क्रमातच आहे.

बहुतेक पेडलांना चालू-बंद करण्याचा वेगळा स्विच नसतो. ते काम इनपुटचा जॅक करतो. हा जॅक स्टिरिओ असतो, म्हणजे त्यात टोक, मधले कडे आणि बाहेरची नळी यांच्यासाठी तीन वेगळे संपर्क असतात. सेलची ऋण तार थेट सर्किटच्या ग्राउंडला (समाईक ऋण बाजूला) न जोडता मधल्या कड्याच्या संपर्काला जोडलेली असते. गिटारच्या केबलची पिन मोनो, म्हणजे मधले कडे नसलेली, असल्यामुळे ती आत शिरली की तिची लांब नळी कड्याचा संपर्क आणि ग्राउंड यांना एकत्र जोडते, सेलचा मार्ग पूर्ण होतो आणि पेडल जागे होते. पिन बाहेर काढली की मार्ग तुटतो. पायाखालचे बटण फक्त ध्वनी कोणत्या वाटेने जाणार हे ठरवते. सेलशी त्याचा संबंध नाही.

आता तुमचा बोर्ड पाहा. गिटारची केबल काढल्यावर रिकामा होतो तो फक्त पहिल्या पेडलचा इनपुट. कोरसच्या इनपुटमध्ये ओव्हरड्राइव्हकडून आलेली पॅच केबल तशीच खोचलेली राहते आणि डिलेच्या इनपुटमध्ये कोरसकडून आलेली. म्हणजे ती दोन्ही पेडल बॅगेत, दिवे विझलेल्या अवस्थेतही, रात्रभर चालूच असतात. त्या दोघांत बिघाड असण्याची शक्यता मला कमी वाटते. बोर्ड आवरताना दोन्ही पॅच केबलींच्या इनपुटकडच्या पिना अर्धा इंच बाहेर ओढून ठेवल्या तरी पुरते.

ओव्हरड्राइव्हचे मात्र कोडे आहे. त्याचा इनपुट खरोखर रिकामा असतो, तेव्हा नियमाप्रमाणे त्यातून काहीच प्रवाह जाता कामा नये. त्याच्यासाठी मल्टिमीटर लागेल.

पवईचा_प्रतिध्वनी

काका, एक शंका. माझ्याकडे ट्रू बायपासचे ओव्हरड्राइव्ह आहे. बंद केल्यावर गिटारचा ध्वनी सर्किटला स्पर्शही न करता सरळ बाहेर पडतो असे म्हणतात. मग निदान अशा पेडलात तरी बटण दाबल्यावर सेल वाचायला हवा ना?

राळ_आणि_कथील

नाही. ट्रू बायपासच्या नऊ पायांच्या बटणात स्विचच्या तीन स्वतंत्र जोड्या असतात. दोन ध्वनीचा मार्ग बदलतात आणि तिसरी फक्त दिवा चालू-बंद करते. सर्किटचा वीजपुरवठा तसाच राहतो आणि तो तसाच राहावा असेच योजलेले असते, कारण वाजवताना मध्येच पुरवठा जोडला तर कपॅसिटर भरताना जोराचा ठोका ऐकू येतो. तेव्हा बटण दाबून वाचतो तो केवळ दिव्याचा प्रवाह.

१९७८ साली आलेल्या बॉस डीएस-१ सारख्या पेडलांत तर ध्वनीचा मार्ग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरून बदलला जातो. तिथे बंद अवस्थेतही गिटारचा ध्वनी आतल्या बफरमधूनच, म्हणजे सेलवर चालणाऱ्या छोट्या सर्किटमधूनच जातो, त्यामुळे सेल संपला की ‘बंद’ पेडलही गिटार गिळून टाकते.

दिव्याचा खर्च नगण्य नसतो. नऊ व्होल्टमधून दिव्याचे सुमारे दोन व्होल्ट वजा केले आणि मालिकेत १ किलो-ओहमचा रेझिस्टर असला, तर दिवाच ७ मिलिअँप खातो; कित्येक ओव्हरड्राइव्हचे संपूर्ण सर्किट तेवढ्यात चालते. घरी जोडलेल्या पेडलात त्या जागी ४.७ किलो-ओहम घालून चांगला तेजस्वी दिवा लावला तर दीड मिलिअँपमध्ये काम भागते.

खाडीकाठ

दमट हवेची शक्यता इतक्या लवकर बाजूला सारू नये असे मला वाटते. मी ऐरोलीला खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या पेडलांच्या जॅकवर आणि सेलच्या कनेक्टरवर हिरवट थर येतो. सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून वापरतात तो पदार्थ) ओलावा धरून ठेवतो आणि त्यातून प्रवाह झिरपतो, हे मी स्वतः मोजलेले आहे. धागाकर्त्यांनी पेडल उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावे आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. माझ्या मते तेवढ्याने भागेल.

राळ_आणि_कथील

खाडीकाठ, झिरपण असते हे मान्य, पण तिचे मापही पाहिले पाहिजे. दोन संपर्कांमध्ये घाण आणि ओलावा साचून १०० किलो-ओहमचा मार्ग तयार झाला असे धरू. नऊ व्होल्टला त्यातून ०.०९ मिलिअँप जाईल. अल्कलाइन सेलची क्षमता ५५० एमएएच (मिलिअँप-तास) धरली, तर तो संपायला सहा हजारांहून अधिक तास, म्हणजे आठ महिने लागतील. अवस्था दहापट वाईट असली, म्हणजे १० किलो-ओहम, तरी सेल तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकेल. शनिवारचा सेल मंगळवारी मारायला कित्येक मिलिअँपचा प्रवाह लागतो आणि तेवढा प्रवाह म्हणजे पूर्ण सर्किट चालू असणे.

दमट हवा संपर्क गंजवते, खरखर निर्माण करते, पोटेन्शिओमीटर खराब करते, आणि स्वच्छता व सिलिका जेल यांचा सल्ला त्यासाठी योग्यच आहे. या गुन्ह्यात तिचा हात नाही, इतकेच.

तिसरी_घंटा, दोन चाचण्या करा. पहिली सेल काढून करायची आहे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आपसांत जोडलेली असली की बजर वाजतो त्या खुणेवर) ठेवा, एक टोक सेलच्या कनेक्टरच्या ऋण बाजूला लावा आणि दुसरे आउटपुट जॅकच्या बाहेरच्या धातूला. कनेक्टरची ऋण बाजू म्हणजे जिथे काळी तार येते ती. कनेक्टरवरच्या बटणांचा आकार सेलवरच्या बटणांच्या उलट असतो, त्यामुळे आकारावर न जाता तारेच्या रंगावर जा. इनपुट रिकामा असताना बजर वाजता कामा नये. केबल खोचल्यावर वाजला पाहिजे.

दुसरी चाचणी प्रवाहाची. लाल वायर मीटरच्या मिलिअँपच्या भोकात घाला आणि २०० मिलिअँपची पट्टी निवडा. सेलचे एकच बटण कनेक्टरला अडकवा, कनेक्टर तिरका फिरवून दुसरे बटण मोकळे सोडा आणि ती मोकळी जागा मीटरच्या दोन टोकांनी जोडा, म्हणजे सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. अशा स्थितीत मीटर कधीही सेलच्या दोन बटणांवर थेट लावू नका, फ्यूज जाईल. मोजून झाल्यावर लाल वायर पुन्हा व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका. पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना हाच विसर महागात पडतो.

तिसरी_घंटा

सविस्तर उत्तराबद्दल आभार. शेजाऱ्यांकडून मीटर आणून दोन्ही चाचण्या केल्या.

ओव्हरड्राइव्हमध्ये केबल असो वा नसो, बजर वाजतोच. केबल खोचून, पेडल बंद ठेवून ६.८ मिलिअँप, चालू केल्यावर ९.४. केबल पूर्ण बाहेर काढल्यावरही ६.८, दशांशाचाही फरक नाही. कोरसमध्ये केबल काढल्यावर बजर गप्प आणि प्रवाह शून्य, खोचल्यावर ११. डिलेत केबल काढल्यावर शून्य आणि खोचल्यावर ५५ मिलिअँप. म्हणजे त्या दोघांबाबत आपले अनुमान बरोबर होते.

खाडीकाठ

आकडे पाहिल्यावर ओव्हरड्राइव्हबाबतचे माझे म्हणणे मागे घेतो. ६.८ मिलिअँपने झिंक-कार्बनचा सुमारे ४०० एमएएचचा सेल ५९ तासांत संपतो. शनिवारी रात्री अकरापासून मोजले तर मंगळवारची सकाळ. अल्कलाइनचे ५५० धरले तर ८१ तास, म्हणजे बुधवारी सकाळी आठ. धागाकर्त्यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलेल्या वारांशी हा हिशेब तंतोतंत जुळतो. हे पेडल आठवडाभर अखंड चालू असते.

राळ_आणि_कथील

हिशेब चोख आहे. आता प्रश्न एवढाच की सेलचे ऋण टोक जॅकला वळसा घालून ग्राउंडला कुठे चिकटले आहे. अशा पेडलात मी तीन ठिकाणे पाहतो.

पहिले ठिकाण सेलच्या काळ्या तारेचे. तळाचा पत्रा बसवताना ती तार त्याच्या कडेखाली चेमटते, वरचे प्लास्टिक फाटते आणि तांबे डब्याला टेकते. धातूचा डबा म्हणजेच ग्राउंड, त्यामुळे इनपुटचा स्विच निरुपयोगी होतो. हा दोष पत्रा उघडताच नाहीसा होतो आणि बंद केल्यावर परत येतो, म्हणून तो पत्रा घट्ट बसवूनच तपासावा. उघड्या पेडलवर तासन्‌तास मोजून काही न सापडल्याचे हेच कारण असते. दुसरे ठिकाण जॅकची पाती. उघड्या सांगाड्याच्या जॅकमध्ये कड्याची पाती वाकून शेजारच्या पातीला किंवा डब्याला टेकते. नट सैल होऊन अख्खा जॅक फिरला तरी हे घडते.

तिसरे ठिकाण मी आधी विचारायला हवे होते: या पेडलचा इनपुट जॅक कधी बदलून घेतला आहे का?

डायोडचा संशय मी घेत नाही. सेल उलटा टेकला तर पेडल वाचावे म्हणून काही पेडलांत पुरवठ्याला समांतर एक डायोड उलट दिशेने लावतात, आणि तो जळून शॉर्ट झाला तर सेल गरम होतो व पेडल मुळीच वाजत नाही. तुमचे व्यवस्थित वाजते आहे.

तिसरी_घंटा

जॅक बदललेला आहे. खरखर येत होती म्हणून गेल्या वर्षी एका दुरुस्तीवाल्याकडे दिले होते आणि आवाज त्यानंतर स्वच्छ झाला. आपल्या प्रश्नानंतर उघडून पाहिले. इनपुट जॅकला दोनच पाय आहेत. एकावर आतल्या सर्किटकडून आलेली पांढरी तार आहे आणि दुसऱ्यावर दोन काळ्या तारा एकत्र सोल्डर केल्या आहेत, त्यांतली एक सेलकडून येते. मूळच्या आउटपुट जॅकलाही दोनच पाय आहेत, त्यामुळे मला यात वावगे वाटले नसते.

राळ_आणि_कथील

कोडे सुटले. स्टिरिओच्या जागी मोनो जॅक बसला, तिसरी तार लावायला जागा उरली नाही आणि ती ग्राउंडबरोबर जोडली गेली. ध्वनीत काहीच फरक पडत नाही, अडॅप्टरवर चालवणाऱ्याला हे कधी कळणारही नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. जुने पेडल विकत घेणाऱ्यांनी कंटिन्युइटीची ती चाचणी दुकानातच करून घ्यावी असा माझा आग्रह असतो.

लॅमिंग्टन रोडला पाव इंची स्टिरिओ जॅक सहज मिळेल. घेताना एक सावधगिरी बाळगा. तीन पाय दिसले म्हणजे जॅक स्टिरिओच असतो असे नाही. पिन आत गेल्यावर उघडणारा संपर्क असलेल्या मोनो जॅकलाही तीनच पाय असतात आणि काउंटरवर घाईच्या वेळी तोच हातात पडतो. तो बसवलात तर कडे नसल्यामुळे पेडल एक तर सेलवर चालणार नाही किंवा जोडणीनुसार केबल काढल्यावर चालू होईल, जे आणखी विचित्र. म्हणून मीटर आणि एक मोनो पिन बरोबर घेऊन जा. पिन बाहेर असताना कोणत्याही दोन पायांमध्ये बजर वाजू नये आणि पिन आत गेल्यावर कडे व नळी यांचे दोन पाय एकमेकांशी जोडले जावेत.

बसवताना पांढरी तार टोकाच्या पायावर, सर्किटची काळी तार नळीच्या पायावर आणि सेलची काळी तार एकटी कड्याच्या पायावर. सोल्डर करण्याआधी सेल काढा आणि जॅक डब्यात फिरवून पाहा. कड्याची पाती डब्याच्या भिंतीकडे किंवा सेलच्या पत्र्याकडे येणार नाही अशी बाजू निवडा. जागा तंग असेल तर भिंतीवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा.

बेसुर_नव्हे_बेस

थोडे जोडतो. अॅक्टिव्ह बेस आणि प्रीअँप असलेल्या अकूस्टिक गिटार यांच्यातही नेमकी हीच योजना असते. केबल गिटारमध्ये खोचून स्टँडवर ठेवली की आतला सेल चालू. आमच्या वाद्यवृंदात मध्यंतरात सगळे वादक चहाला जातात आणि गिटारी खोचलेल्याच राहतात; एक मध्यंतर परवडते, पण तालमीच्या खोलीत रात्रभर तसे ठेवणे परवडत नाही.

धागाकर्त्यांना एक विचारायचे होते. डिलेसाठी चार्ज होणारा सेल का वापरत नाही?

खाडीकाठ

नऊ व्होल्टच्या आकारातला निकेल-मेटल हायड्राइडचा सेल साधारण २०० एमएएचचा असतो. ५५ मिलिअँपला तो साडेतीन तासांच्या आसपास टिकेल, म्हणजे एक कार्यक्रम आणि त्याआधीची ध्वनितपासणी. शिवाय त्यावर नऊ व्होल्ट लिहिलेले असले तरी आत सात घरे असतील तर तो ८.४ व्होल्टचा असतो आणि सहा असतील तर ७.२चा, दुसऱ्या प्रकारावर डिजिटल पेडल कुरकुर करतात. जुन्या पद्धतीचे असे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बराच चार्ज गमावतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो वेग वाढतो.

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियम सेलांत व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट असते. त्याची शीळ काही पेडलांत ऐकू येते, काहींत मुळीच येत नाही. ओव्हरड्राइव्हसारख्या मोठा गेन (ध्वनिवर्धन) असलेल्या पेडलात मी तो घालणार नाही.

राळ_आणि_कथील

डिलेच्या बाबतीत मी नऊ व्होल्टच्या सेलाचा नादच सोडायला सांगेन. ५५० एमएएच ही क्षमता कमी प्रवाहाला आणि व्होल्टेज अगदी खाली जाईपर्यंत मोजलेली असते. ५५ मिलिअँप ओढणारे पेडल सात व्होल्टच्या आसपास अडखळायला लागते, त्यामुळे सेलातला बराच भाग वापरात न येता फेकला जातो.

त्यापेक्षा सहा एए सेलांचा होल्डर घ्या. दीड व्होल्टचे सहा सेल मालिकेत म्हणजे नऊ व्होल्टच, पण अल्कलाइन एएची क्षमता २००० ते २५०० एमएएच असते, तेव्हा तुमच्या डिलेला तीस तासांहून अधिक पुरवठा मिळेल. डिमरची घरघर नाही, शीळही नाही. होल्डरच्या तारांना २.१ मिमीची अडॅप्टर पिन सोल्डर करा. गिटार पेडलांत बहुधा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, म्हणजे घरातल्या बऱ्याच अडॅप्टरांच्या उलट. पेडलवरचे चिन्ह पाहा आणि पिन खोचण्याआधी मीटरने खात्री करा.

तिसरी_घंटा

ओव्हरड्राइव्हचा जॅक आज बदलला. दुकानदाराने पहिल्यांदा स्विचचाच मोनो जॅक पुढे केला होता, पिन खोचून तपासल्यामुळे तिथेच लक्षात आले. आता केबल बाहेर असताना बजर गप्प आहे, प्रवाह ०.०० आहे आणि पत्रा घट्ट बसवल्यावरही तोच आहे. खोचल्यावर ६.८. खाडीकाठ यांच्या सांगण्यावरून कोरसच्या कनेक्टरवरचा हिरवा थरही साफ केला.

होल्डरची कल्पना आवडली. त्यावर डिले चालवल्यास बोर्ड आवरताना त्याची पॅच केबल तशीच ठेवली तरी चालेल का? इनपुटची पिन ओढून ठेवायचे विसरले जाते.

राळ_आणि_कथील

तिथे नियम उलटा होतो, म्हणून बरे झाले विचारलेत. अडॅप्टरच्या जॅकचे ऋण टोक सर्किटच्या ग्राउंडला कायमचे जोडलेले असते. इनपुट जॅकचा स्विच फक्त आतल्या सेलपुरता असतो. होल्डरची पिन खोचलेली असेल तोवर पेडल चालू राहणार, पॅच केबल काढा वा न काढा. एए सेल असले तरी शनिवारपासून सोडून दिलेत तर ते सोमवारपर्यंत संपतील. होल्डर चालू-बंद स्विच लावलेला मिळतो, तोच घ्या, नाही तर धन तारेत एक साधा टॉगल स्विच टाका. कोरसची पॅच केबल मात्र पूर्वीप्रमाणे ओढून ठेवावीच लागेल.

तिसरी_घंटा

स्विच असलेला होल्डर घेतो आणि बोर्डच्या कडेला वरून दिसेल असा बसवतो. कोरसकडची पॅच केबल आता उजव्या कोनातल्या पिनेऐवजी सरळ पिनेची लावली आहे, म्हणजे बॅगेची चेन लावताना ती मध्ये येते आणि काढावीच लागते.